एकदा दिलेली हाळी

आयुष्यभर मी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा समोर भोकांची उभी फळी असायची, हातात दोरी आणि कानावर हेडफोन. कराडचा माणूस मुंबई मागायचा, पुण्याचा माणूस मेढा मागायचा, आणि मी मध्ये बसून एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवायची. गावात ज्यांच्या अंगणात मला पाय ठेवता आला नव्हता, अशा घरांतली माणसं इथे 'बहेनजी, जरा लवकर लावा हो' म्हणून विनवायची. ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्या सुपरवायझर शालूबाई. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आणि जिभेला धार. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, जोडायचं आणि आपला कान काढून घ्यायचा. एकदा एक गृहस्थ ट्रंक कॉलवर सख्ख्या भावाला अशा शिव्या घालत होता की माझा हात दोरी उपटायला गेला. मी शालूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं त्याची आहेत. शिव्या देऊ दे नाहीतर आरती म्हणू दे. आज शिवी तोडलीस तर उद्या साहेब सांगेल, अमक्याची तक्रार तोड. मग काय करशील?"

हे मी घरी पुष्कळदा सांगितलं. माझा मुलगा महेंद्र ते ऐकतच मोठा झाला.

मी निवृत्त झाले तोवर आम्ही सांगलीला स्थायिक झालो होतो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. विश्रामबागेत छोटं घर, वर आम्ही राहायचो आणि खाली महेंद्रनं कॉम्प्युटरचं सेंटर काढलेलं. सून स्वप्ना त्याच्याबरोबर काम करायची. एकोणीसशे नव्व्याण्णव साल असेल. इंटरनेट सांगलीत नुकतंच आलं होतं. टेलिफोनच्याच तारेतून ते यायचं, लागताना खरखर आणि किरकिर करायचं. मला तो आवाज ओळखीचा वाटायचा, जुन्या लाइनीसारखा.

महेंद्रनं आणखी एक गोष्ट केली होती. पुण्याच्या एका माणसामार्फत त्यानं अमेरिकेतल्या कुठल्याशा मशीनवर जागा घेतली होती आणि तिचे तुकडे करून तो इथल्या लोकांना द्यायचा. ज्याला जगाला काही दाखवायचं असेल त्यानं आपलं पान तिथे लावायचं. हळदीचे व्यापारी होते, एक दाताचे डॉक्टर होते, आणि कॉलेजच्या मुलांना तो जागा फुकट द्यायचा. कोण काय लावतो ते तो बघत नसे. विचारलं तर हसून म्हणायचा, आईचं एक्स्चेंज आहे हे, जोडायचं आणि कान काढून घ्यायचा.

त्या नियमाची एकदा परीक्षा झाली होती. माझा थोरला भाऊ धोंडिराम, आमचा दादा, औंधच्या बाजूला आमच्या मूळ गावीच राहायचा. त्याचा मुलगा कपिल मेढ्याला शिक्षक होता. गावात नळयोजना आली, पण पाइप आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. खाली ओढा, वर वस्ती, बायका तशाच चढण चढून पाणी वाहायच्या. कपिलनं फोटो काढले आणि महेंद्रच्या जागेवर पान लावलं. कुठे नळ संपतो आणि कुठून हंडे सुरू होतात, एवढंच त्यात होतं. अमेरिकेत राहणाऱ्या एका सातारकर माणसानं ते वाचून कलेक्टरांना लिहिलं. पुण्याच्या पेपरात आलं. एक साहेब जीप घेऊन वस्तीत येऊन गेले आणि पंधरवड्यात कोपऱ्यावर नवे पाइप येऊन पडले.

पाणी समितीचे अध्यक्ष कृष्णात पाटील तेव्हा सांगलीला सेंटरवर आले होते. खुर्चीवर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं की पान काढा, गावाची बदनामी होते. महेंद्रनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की मी कुणाचंच वाचत नाही, म्हणून कुणाचंच काढत नाही. कृष्णात पाटील उठताना एवढंच म्हणाले की बरं, हा नियम ध्यानात ठेवतो.

त्यानंतरची गोष्ट. दुपारी मी वर मेथी निवडत बसले होते. खालून आवाज आला, "जोहार मायबाप!"

आवाज माझ्या भावाचा होता.

आमच्याकडे दादा न सांगताच यायचा, तेव्हा पहिल्यांदा मी उठले ती चहाचं आधण ठेवायला. मग तो शब्द डोक्यात शिरला आणि मी तशीच उभी राहिले.

हा शब्द आता पोरांना सांगावा लागतो. जोहार म्हणजे आमच्या माणसानं गावाला लांबून घालायचा नमस्कार. आमच्या घराकडे गावची तराळकी होती. टपाल पोचवायचं, सरकारी माणसाच्या पुढं पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, आणि संध्याकाळी घरोघरी भाकरी मागायची. अंगणात जायचं नाही. सावलीसुद्धा पडता कामा नये. त्यामुळे लांब उभं राहून हाळी द्यायची, अशी की भिंतीपलीकडे चुलीपुढं बसलेल्या बाईला ऐकू गेली पाहिजे. वडील आजारी पडले तेव्हा दादाला मिसरूडही फुटलं नव्हतं. वडिलांनी त्याला ती शिकवली. एक हात कानाच्या मागे, आवाज पोटातून काढायचा, 'जोहार' आखूड आणि 'मायबाप' लांबवायचं, शेवट वर नेऊन सोडून द्यायचा. दादाचा आवाज देवाघरचा होता. लोक म्हणायचे, धोंड्याची हाळी यमाईच्या डोंगरावर आपटून परत येते.

छप्पन साली धर्मांतर झालं. आमच्या गावातही सगळी वस्ती बुद्धाला शरण गेली. दादानं त्या दिवशी तराळाची घुंगराची काठी मोडली, तिच्यावर पाणी तापवलं आणि आंघोळ केली. पुन्हा तो शब्द त्याच्या तोंडून गेला नाही. तोच आवाज मग विहारात वंदना सांगायला लागला. पौर्णिमेला दादानं 'बुद्धं सरणं' म्हटलं की शेजारच्या गावातली माणसंही ऐकायला यायची.

हातातली मेथी तशीच घेऊन मी खाली गेले. कॉलेजची तिघं मुलं एका मशीनपुढं बसली होती. पडद्यावर एक गाव होतं. चावडी, विहीर, देऊळ, कडेला झोपड्या. खेळणारा म्हणजे गावचा पाटील. झोपड्यांपुढे काठी घेतलेला एक माणूस, डोक्याला चिंध्यांचं मुंडासं. त्याच्यावर बाण नेऊन दाबलं की तो म्हणायचा, "जोहार मायबाप!" आणि पळत यायचा. मग त्याला कामं सांगायची. लाकडं आण. ढोर ओढ. उशीर झाला की कीबोर्डवरची लांब पट्टी दाबायची. पडद्यावरचा पाटील त्याला लाथ घालायचा, माणूस कोलमडायचा, गुण वाढायचे, आणि तो पडल्या पडल्या पुन्हा तेच म्हणायचा, त्याच आवाजात.

मुलं हसत होती. वाईट होती असं नाही. खेळात जसं हसतात तसं हसत होती.

स्वप्नानं सांगितलं की हा खेळ पाटलांच्या दिग्विजयनं आणि त्याच्या मित्रांनी केलाय, छंद म्हणून. महेंद्रच्याच जागेवर ठेवलाय, आणि लोक फ्लॉपीवर उतरवून नेतात.

दिग्विजय आमच्याच गावचा. कृष्णात पाटलांचा पुतण्या. सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होता.

महेंद्र आला तेव्हा मी त्याला तो आवाज ऐकवला. त्यानं दोनदा ऐकला आणि म्हणाला की आई, हे कुणीही असेल. त्याचंही चुकत नव्हतं. मामाला त्यानं वंदना म्हणताना ऐकलं होतं, हाळी देताना नाही. मी त्याला सांगितलं, मी आवाजांवर पेन्शन घेतेय, मला शिकवू नकोस. मग त्यानं दिग्विजयला बोलावून घेतलं.

पोरगा लगेच आला. दिसायला सालस, चष्मा लावलेला. गावच्या रीतीनं मला आत्या म्हणाला. त्याच्या घरातलं कुणी मला आत्या म्हणायची ती पहिलीच वेळ. आवाज कुणाचा विचारल्यावर त्यानं लपवलं नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, धोंडिरामआबांचाच. त्यांनी स्वतः दिलाय, मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो.

"आणि लाथ?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. आधी लाथ नव्हती म्हणाला. आधी खेळ उघडताना एकदाच हाळी ऐकू यायची, पूर्वी गाव कसं होतं ते पोरांना कळावं म्हणून. मग मित्र म्हणाले की यात खेळायचं काय? त्यांनी गुण घातले, त्यांनी लाथ घातली. खेळ तेव्हापासून चालायला लागला.

"लाथ काढतो, आत्या," तो म्हणाला. "पण आवाज ठेवू द्या. आवाज काढला तर त्यात जीव राहत नाही. आणि खोटं काय आहे त्यात? असंच होतं ना?"

असंच होतं.

तो गेल्यावर मी महेंद्रला म्हटलं, हे काढ. स्वप्ना म्हणाली की मी काढते, मला कुणाची परवानगी नको. महेंद्रनं तिला थांबवलं. त्याचं म्हणणं असं होतं की कृष्णात पाटलांना त्यानं तोंडावर सांगितलंय, मी कुणाचंच काढत नाही. हे पान काढलं तर उद्या ते त्याच खुर्चीवर येऊन बसतील. पाइप अजून जमिनीत गेलेले नाहीत. कपिलचं पान आहे तोवर साहेब लोक जरा घाबरून आहेत.

"तूच शिकवलंस, आई," तो म्हणाला. "शिवी तोडली की तक्रारही तोडावी लागते."

मी त्याच्यावर चिडले, पण ते वाक्य घरात मीच आणलं होतं. शेवटी म्हटलं की आवाज माझा नाही आणि तुझाही नाही. ज्याचा आहे त्याला विचारून येते.

विट्यापर्यंत एक एस.टी., तिथून पुसेसावळीकडची दुसरी. वाटेभर वाक्य जुळवत होते. दादाला कसं सांगायचं? सांगितलं तर तो कोसळेल, आणि नाही सांगितलं तर कुणीतरी वाईट माणूस त्याला सांगेल.

दादा विहाराच्या ओट्यावर बसला होता. मला बघून लहान पोरासारखा खूश झाला. घरी नेलं, वहिनीला चहा टाकायला लावला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानंच सुरू केलं.

"अंजे, तुला सांगायचंच ऱ्हायलं. पाटलाचं दिग्विजय आलं हुतं आपल्या घरी."

मी म्हटलं, "हो का?"

"व्हय. ह्या बाजंवर बसलं. आबा म्हणलं मला. तुझ्या वहिनीनं च्या दिला तर बशीत बी वतलं न्हाई, कपातनंच प्यालं. आपल्या कपातनं." त्यानं तो कप फडताळातून काढून मला दाखवला. कडेला टवका गेलेला साधा कप. "त्याच्या आज्यापुढं म्या आंगणाभाईर हुबा ऱ्हायचो गं."

मग दिग्विजयनं काय मागितलं ते त्यानं सांगितलं. पोरगं म्हणालं होतं की आबा, ती हाळी आता कुणालाच येत नाही, तुमच्याबरोबर जाईल. दादानं आधी नाही म्हटलं होतं. वहिनीही नको म्हणाली होती. कपिल मेढ्याला होता, त्याला विचारायला वेळ नव्हता.

"पर त्यो च्या प्यालता," दादा म्हणाला. "च्या प्याल्यावर न्हाई कसं म्हणायचं? म्हणलं, घे, टेपात भर. एकदाच देतो. हात कानामागं घेतला आन् दिली. आवाज तसाच हाय अजून. मला बी नवाल वाटलं."

मी कपाकडे बघत बसले.

"त्यो म्हणला, आबा, जगभर ऐकतील. ऐकलं का गं कुणी?"

"ऐकतात," मी म्हटलं.

एवढंच माझ्याच्यानं बोलवलं. आणि दादानं ठरवूनच टाकलं की तो माझ्याबरोबर सांगलीला येणार, भाच्याच्या दुकानात बसून स्वतःचा आवाज ऐकणार. मी म्हटलं, ऊन आहे, पुढच्या महिन्यात ये. ऐकतो कुठला? सकाळी पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, कोल्हापुरी वहाणा घालून माझ्याआधी तयार. वस्तीतून जाताना प्रत्येकाला सांगत होता की म्हेंद्राकडं चाललोय.

औंधच्या स्टँडवर तो पान घ्यायला गेला तेव्हा मी समोरच्या बूथमध्ये शिरले आणि सांगलीला फोन लावला. महेंद्रनं उचलला. मी म्हटलं, दादा येतोय माझ्याबरोबर, त्याला ऐकायचंय. आम्ही पोचायच्या आत ते पान काढ.

पलीकडून काहीच आलं नाही. लाइन तुटली नव्हती, मला कळतं ते.

"आई, ह्याच्यानंतर मला कुणालाच नाही म्हणता येणार नाही."

"काढ, महेंद्र."

"कपिलला विचारलंस?"

"काढ."

तो बरं म्हणाला.

सांगलीला पोचेपर्यंत मी ठरवलं होतं, सांगायचं की आज लाइन बंद आहे. महेंद्रनंही तेच सांगितलं. वाकून मामाच्या पाया पडला, खुर्ची दिली आणि म्हणाला की आज तारच बिघडलीय. दादाचा चेहरा उतरला, पण तो लगेच म्हणाला, असू दे, पुन्यांदा कवातरी. स्वप्नानं पोहे आणले. मला वाटलं, निभावलं.

पान काढलं होतं, पण जो खेळ लोकांनी आधीच उतरवून घेतला होता, तो काढायचं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. कोपऱ्यातल्या मशीनमध्ये तो तसाच पडून होता. तिथे बसलेल्या कुणा मुलानं तो लावला.

"जोहार मायबाप!"

दादाच्या हातातला चमचा थांबला. मग तो हसला. खरंच हसला. स्वप्ना धावत गेली बंद करायला, तर दादानं हात वर केला. "ऱ्हाऊ दे गं, पोरी. मलाच ऐकायचंय त्ये." आणि उठून त्या मुलाच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला.

मी त्याच्या शेजारी गेले. त्याच्या दंडाला धरलं. पडद्यावरचा माणूस पळत आला, त्यानं लाकडं नेली, त्याला उशीर झाला. मुलानं पट्टी दाबली. माणूस पडला आणि म्हणाला, "जोहार मायबाप!"

दादा पुढं वाकला. त्याला नीट दिसत नव्हतं बहुतेक.

"ह्यो मी हाय?" त्यानं विचारलं.

मुलाला काय कळणार? तो म्हणाला, नाही आजोबा, हा तराळ आहे, गेममधला.

"पुन्यांदा दाबा," दादा म्हणाला.

मुलानं दाबलं. मग आमचे चेहरे बघून त्यानं हात काढून घेतला. दादा सरळ झाला. सदऱ्याच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं.

"म्या एकदाच दिली हुती," तो म्हणाला.

तेवढंच. कुणाला रागावला नाही. महेंद्रला नाही, मला नाही. दिग्विजयला शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. पोहे तसेच राहिले. मी मुक्काम करायला सांगितलं तर मान हलवली. महेंद्र त्याला गाडीवर बसवून स्टँडवर सोडून आला.

आठवडा झाला नसेल, कृष्णात पाटील आले. या वेळी बरोबर वकील होता. त्याच खुर्चीवर बसले. महेंद्रनं मला खाली बोलावलं नाही, पण मी जिन्यात उभी राहून ऐकलं. कान काढून घेणं मला त्या दिवशी जमलं नाही.

"आमच्या पोराचा खेळ काढला म्हनं तुमी," पाटील म्हणाले. "झ्याक केलं. वंगाळच हुता. म्या बी त्याला झाडला."

पाटलांनी खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला.

"आता तुमच्या मामेभावाचं बी काढा."

"त्यात खोटं काही नाही, पाटील."

"आवं, खेळात तरी काय खोटं हुतं? माझा आजा लाथा घालायचा, तुमचा आजा खायचा. सगळ्या गावाला ठावं हाय." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "मागल्या टायमाला तुमी म्हणला, मी वाचत न्हाई. म्या गप उठून गेलो. आता तुमी वाचून काढाय लागला. म्हंजी जे ऱ्हायलंय त्ये बी तुमी वाचूनच ठिवलंय. मग त्यातल्या शब्दाशब्दाला तुमी जबाबदार. व्हय का न्हाई, वकीलसायेब?"

वकिलानं हो म्हटलं. बदनामीचा दावा, पोलीस, मशीन जप्त, टेलिफोनची लाइन बंद, सगळं त्यानं सांगितलं. खरं किती आणि भीती घालायला किती, आम्हाला तेव्हा कुठे कळत होतं? त्या वेळी ह्या गोष्टीचा कायदा पोलिसांनाही माहीत नव्हता आणि न्यायाधीशांनाही. महेंद्रकडे एकच कायदा होता, शालूबाईंचा, आणि तो त्यानं माझ्या सांगण्यावरून मोडला होता.

त्यानं दोन दिवस काढले. मग कपिलचं पान उतरवलं.

कपिल मेढ्याहून आला. महेंद्रनं त्याला त्याचे फोटो फ्लॉपीवर घालून दिले आणि म्हणाला की दुसरीकडे कुठेतरी लाव. कपिलनं फ्लॉपी खिशात घातली. कुणी रडलं नाही, भांडलं नाही. निघताना तो माझ्याकडे वळला.

"आत्या, आबांना विचारलं असतंस तर त्यांनी काय सांगितलं असतं, ठावं हाय? म्हणले असते, माझा आवाज जाऊ दे, पाणी येऊ दे."

मी म्हटलं, "म्हणूनच विचारलं नाही."

त्यानं खिशातली फ्लॉपी चाचपली. मग वहाणा घातल्या आणि गेला.

पान त्यानं नंतर दुसऱ्या एका फुकटच्या जागेवर लावलं, पण जुना पत्ता ज्यांना माहीत होता त्यांना तिथे काहीच दिसेना. अमेरिकेतल्या माणसानं एकदा विचारलं, मग विसरला. साहेबांची बदली झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी एके सकाळी ट्रॅक्टर आला आणि कोपऱ्यावरचे पाइप भरून घेऊन गेला. दुसऱ्या गावाला तातडीची गरज आहे म्हणे. ते पडून होते तिथलं गवत पिवळं पडलं होतं, तेवढे पट्टे राहिले.

आणि खेळ? तो काही गेला नाही. दिग्विजय परीक्षा झाल्यावर माझ्याकडे येऊन गेला. पुण्याला नोकरी लागली होती. पेढे आणले होते, ते टेबलावर ठेवून उभाच राहिला. म्हणाला, "आत्या, मी माझ्याकडचा सगळा पुसला. पण ते आता माझ्या हातात नाही. कुणीतरी परदेशातल्या जागेवर ठेवलंय. मी त्यांना लिहिलं, ते म्हणतात, आम्ही कुणाचं काढत नाही."

मी त्याला बस म्हटलं. चहा दिला. त्याच्यानं तो पिववला नाही.

दादानं वंदना सांगायचं सोडलं. वैशाखी पौर्णिमेला वस्तीनं विनवलं, तर म्हणाला की घसा बसलाय. पुढच्या वर्षीही घसा बसलेलाच होता. आता कपिल सांगतो. तोंडपाठ आहे त्याला, पण आवाज विहाराच्या भिंतीबाहेर जात नाही.

मी दर रविवारी गावातल्या बूथवर फोन करायची. ज्ञानू म्हणून एकाचा बूथ होता, तो कुणाला तरी पाठवून दादाला बोलावून आणायचा. दादा फोन कानाला लावायचा आणि आधी विचारायचा, "अंजे, ह्यात आवाज भरत न्हाई न्हवं?"

मी म्हणायची, नाही रे दादा, साधा फोन आहे. मग तो दोन शब्द बोलायचा. बरा हाय. पावसाचं न्हाई काय. पुढं पुढं त्यानं विचारणंही सोडलं. नुसता रिसीव्हर धरून उभा राहायचा. मी इकडची सगळी हकीकत सांगायची, महेंद्रनं ती जागा द्यायचं बंद केलं, स्वप्नानं मुलींसाठी टायपिंगचा क्लास काढला, हळदीला भाव आला. मागे बूथच्या दारात कुणाची तरी बैलगाडी जायची, तिची घंटी ऐकू यायची. त्याचा श्वास ऐकू यायचा. आयुष्यभर लाइनीवर बसलेल्या बाईला तेवढं पुरतं, पलीकडं कोण आहे ते कळायला.

"आबा, बोला की कायतरी," ज्ञानू मागून म्हणायचा. "ती बाई सांगलीसनं पैसे भरतीय."

मग फोन ठेवल्याचा आवाज यायचा. हळूच, जाग्यावर नीट बसवून ठेवल्याचा.